मेन्दोसाचा वेन्दिमिया महोत्सव आणि नगरपालिकांचे साहाय्य

वेन्दिमिया महोत्सव (स्पॅनिश नाव: फिएस्ता नासियोनाल दे ला वेन्दिमिया, अर्थात राष्ट्रीय द्राक्षतोडणी उत्सव) हा आर्जेन्टिनाच्या पश्चिम भागातील मेन्दोसा प्रांतात दरवर्षी साजरा होणारा द्राक्ष आणि वाइन यांचा सार्वजनिक उत्सव आहे. १९३६ साली प्रांतिक शासनाच्या हुकूमनाम्याने या उत्सवाला अधिकृत रूप मिळाले. मार्चच्या आरंभी मेन्दोसा शहरात होणारा मुख्य सोहळा प्रांतिक शासन भरवते. मात्र त्याआधी प्रांताच्या १८ विभागांत होणारे विभागीय महोत्सव त्या त्या नगरपालिका स्वतःच्या निधीतून आणि स्वतःच्या यंत्रणेमार्फत पार पाडतात.

यामुळे हा महोत्सव एकाच संस्थेचा कार्यक्रम न राहता दोन स्तरांवरील स्थानिक शासनांचा संयुक्त उपक्रम ठरतो. रंगमंच, चित्ररथ, कलाकारांचे मानधन, वाहतूक व स्वच्छता यांचा मोठा भार नगरपालिका उचलतात. साहजिकच उत्सवाचे स्वरूप काय असावे, त्यावर सार्वजनिक पैसा किती खर्च व्हावा आणि त्याचा लाभ कोणाला मिळावा, हे प्रश्न नगरपालिकांच्या सभागृहांत वारंवार चर्चिले गेले आहेत. २०२१ मध्ये ग्वायमायेन या सर्वाधिक लोकसंख्येच्या विभागाने महोत्सवातील राणीची निवडणूक रद्द केल्यानंतर या चर्चेला विशेष धार आली.

पार्श्वभूमी

मेन्दोसा प्रांत आन्देस पर्वतरांगेच्या पूर्व पायथ्याशी वसलेला आहे. येथील पठारी प्रदेश निमवाळवंटी असून वार्षिक पर्जन्यमान सुमारे २०० मिलीमीटर आहे. शेती जवळजवळ सर्वस्वी पर्वतावरील बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते. मेन्दोसा, तुनुयान, दियामान्ते आणि आतुएल या नद्यांचे पाणी पाटांच्या जाळ्यातून शेतांपर्यंत नेले जाते. प्रांताच्या एकूण क्षेत्रफळापैकी पाच टक्क्यांहूनही कमी भूभाग ओलिताखाली असून बहुतांश लोकवस्ती याच हरित पट्ट्यांत एकवटली आहे. पाणीवाटपाचे नियमन करणारा प्रांताचा कायदा १८८४ सालचा आहे.

१८८५ मध्ये मेन्दोसा शहर लोहमार्गाने ब्वेनोस आइरेसशी जोडले गेले. त्यानंतर इटली आणि स्पेन येथून आलेल्या स्थलांतरितांनी द्राक्षशेतीचा झपाट्याने विस्तार केला. आज आर्जेन्टिनातील सुमारे ७० टक्के द्राक्षबागा एकट्या मेन्दोसात असून त्यांचे क्षेत्र सुमारे १.४ ते १.५ लाख हेक्टर आहे. माल्बेक ही द्राक्षाची जात येथील वाइनची मुख्य ओळख मानली जाते. दक्षिण गोलार्धातील ऋतुमानानुसार येथील द्राक्षतोडणी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होते. महोत्सवाचे वेळापत्रकही या हंगामाशी बांधलेले आहे.

इतिहास

मेन्दोसात तोडणीनिमित्त सार्वजनिक समारंभ करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून आढळतात. १९१३ मध्ये असा एक समारंभ झाला होता. तथापि नियमित वार्षिक उत्सवाची सुरुवात १९३० च्या दशकातील आर्थिक संकटाशी निगडित आहे.

जागतिक मंदीमुळे आर्जेन्टिनात वाइनचा खप घटला, तर उत्पादन मात्र वाढलेलेच राहिले. भाव कोसळल्यामुळे केंद्र शासनाने १९३४ च्या अखेरीस कायदा करून वाइन नियामक मंडळ स्थापन केले. पुरवठा कमी करण्यासाठी या मंडळाच्या कारकिर्दीत द्राक्षवेली उपटण्यात आल्या, फळे नष्ट करण्यात आली आणि साठवलेली वाइन पाटांत ओतून देण्यात आली. ज्या पाटांच्या पाण्यावर बागा उभ्या होत्या त्यांतूनच वाइन वाहून गेल्याचे हे चित्र मेन्दोसाच्या सामूहिक स्मृतीत दीर्घकाळ टिकून राहिले.

याच सुमारास प्रांताचे राज्यपाल गियेर्मो कानो आणि त्यांचे मंत्री फ्रँक रोमेरो दाय यांनी तोडणीचा उत्सव अधिकृतपणे सुरू करण्याचा निर्णय घेतला. वाइनचा प्रसार, पर्यटनास चालना आणि संकटग्रस्त द्राक्षउत्पादकांचे मनोबल वाढवणे असे हेतू त्यामागे होते. पहिला उत्सव एप्रिल १९३६ मध्ये झाला. त्यात गोदोय क्रुस विभागाच्या देलिया लार्रिवे एस्कुदेरो यांची पहिली राणी म्हणून निवड झाली. विभागांनी आपापली प्रतिनिधी पाठवावी आणि त्यांतून प्रांताची राणी निवडली जावी, या पद्धतीची पायाभरणी अशा रीतीने आरंभीच झाली.

१९६३ मध्ये मेन्दोसा शहरातील हेनेराल सान मार्तिन उद्यानात, टेकड्यांच्या कुशीत बांधलेले खुले नाट्यगृह सुरू झाले. त्याला फ्रँक रोमेरो दाय यांचे नाव देण्यात आले. तेव्हापासून मुख्य सोहळ्याचे हे स्थायी ठिकाण आहे. तिकीट काढून आत बसणाऱ्या प्रेक्षकांखेरीज हजारो लोक सभोवतालच्या टेकड्यांच्या उतारांवर बसून हा सोहळा पाहतात.

प्रशासकीय रचना

मेन्दोसा प्रांत १८ विभागांत विभागलेला आहे. येथील विभागाची तुलना महाराष्ट्रातील तालुक्याशी काही अंशी करता येते, मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. मेन्दोसात प्रत्येक विभागाला एकच नगरपालिका असते आणि तिची हद्द विभागाच्या हद्दीशी तंतोतंत जुळते. शहरे, खेडी, शेतजमीन आणि पर्वतीय प्रदेश हे सर्व एकाच नगरपालिकेच्या अखत्यारीत येतात. नगरपालिकेचा प्रमुख (इन्तेन्देन्ते) थेट लोकांकडून निवडला जातो. अर्थसंकल्प आणि स्थानिक नियम मंजूर करण्याचा अधिकार निर्वाचित सभागृहाकडे (कॉन्सेहो देलिबेरांते) असतो. नगरपालिकांच्या हिशेबांची तपासणी प्रांताचे लेखा न्यायाधिकरण करते.

भौगोलिकदृष्ट्या हे विभाग पुढीलप्रमाणे आहेत:

मेन्दोसा महानगर आणि परिसर: कापिताल (राजधानी), गोदोय क्रुस, ग्वायमायेन, लास एरास, लुहान दे कुयो, माइपू.
ईशान्येकडील वाळवंटी भाग: लाव्हाये.
पूर्व भाग: सान मार्तिन, हुनिन, रिव्हादाव्हिया, सान्ता रोसा, ला पास.
उको खोरे: तुपुंगातो, तुनुयान, सान कार्लोस.
दक्षिण भाग: सान राफाएल, हेनेराल आल्व्हेआर, मालार्ग्वे.

महोत्सवाचा क्रम

महोत्सवाची प्रक्रिया मुख्य सोहळ्याच्या कित्येक महिने आधी सुरू होते. प्रत्येक विभाग लहान उपविभागांत विभागलेला असून प्रथम उपविभागांच्या राण्या निवडल्या जातात. त्यानंतर उन्हाळ्यात, म्हणजे साधारणतः वर्षअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत, एकामागून एक विभागीय महोत्सव होतात. त्यांत विभागाची राणी निवडली जाते. या सर्व टप्प्यांची जबाबदारी नगरपालिकांकडे असते.

प्रांतिक पातळीवरील कार्यक्रमांचे चार मुख्य भाग आहेत.

फळांचा आशीर्वाद: फेब्रुवारीच्या अखेरीस होणारा धार्मिक विधी. द्राक्षबागांची संरक्षक मानल्या जाणाऱ्या ला कार्रोदिया येथील कुमारी मातेची मूर्ती आणली जाते, हंगामाची पहिली फळे अर्पण केली जातात आणि नांगराच्या फाळावर हातोड्याचे घाव घालून कष्टाच्या हंगामाची सांगता सूचित केली जाते. हा विधी वेगवेगळ्या विभागांत झालेला आहे. अशा वेळी यजमान नगरपालिकेवर व्यवस्थेची जबाबदारी येते.

व्हिया ब्लांका: मार्चच्या आरंभी शुक्रवारी रात्री राजधानीच्या रस्त्यांवरून निघणारी दिव्यांनी उजळलेल्या चित्ररथांची मिरवणूक. प्रत्येक विभागाचा स्वतंत्र रथ असतो आणि त्यावर विभागाची राणी आरूढ असते.

कार्रुसेल: दुसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारी सकाळी, होणारी मिरवणूक. चित्ररथांसोबत घोडेस्वार गाऊचो, स्थलांतरित समाजांची पथके आणि लोकनृत्य मंडळे सामील होतात. राण्या रथावरून द्राक्षे, खरबुजे व अन्य स्थानिक उत्पादने लोकांकडे फेकतात. रस्त्याच्या कडेने उभे असलेले लोक ती झेलण्यासाठी लांब काठ्यांना टोपल्या किंवा जाळ्या बांधून आणतात.

मुख्य सोहळा: शनिवारी रात्री नाट्यगृहात शेकडो नर्तक व नटांच्या सहभागाने होणारा नृत्यनाट्याचा प्रयोग. प्रयोगाअखेर मतमोजणी होऊन प्रत्येक मत ध्वनिक्षेपकावरून मोठ्याने पुकारले जाते आणि नव्या राणीची घोषणा होते.

नगरपालिकांचे साहाय्य

निधीचे स्रोत

विभागीय महोत्सवाचा खर्च नगरपालिकेच्या वार्षिक अर्थसंकल्पातील संस्कृती व पर्यटन या शीर्षांखालील तरतुदींतून केला जातो. नगरपालिकांचे उत्पन्न मुख्यत्वे दोन मार्गांनी येते: रहिवाशांकडून व व्यावसायिकांकडून घेतले जाणारे सेवाशुल्क आणि प्रांतिक व केंद्रीय करांतून कायद्याने ठरलेला वाटा. अनेक नगरपालिकांच्या बाबतीत दुसऱ्या मार्गाचे महत्त्व अधिक असते. त्यामुळे करवसुली घटली की महोत्सवाची तरतूदही ताणली जाते.

या मूळ तरतुदीला तिकीटविक्री, खाद्यपदार्थ व हस्तकलांच्या दुकानांचे भाडे आणि खासगी प्रायोजकांचे साहाय्य यांची जोड मिळते. प्रवेश सशुल्क ठेवावा की विनामूल्य, हा निर्णय प्रत्येक नगरपालिका घेते. विनामूल्य प्रवेश दिल्यास महोत्सव सर्व थरांतील रहिवाशांना खुला राहतो, परंतु खर्चाचा भार पूर्णतः सार्वजनिक निधीवर येतो.

खर्चाच्या बाबी

विभागीय महोत्सवाच्या खर्चात पुढील बाबींचा समावेश होतो:

रंगमंच, प्रकाशयोजना, ध्वनियंत्रणा व पडदे;
संहितालेखक, दिग्दर्शक, नृत्यरचनाकार, नर्तक, नट आणि संगीतकार यांचे मानधन;
सांगता समारंभासाठी निमंत्रित केलेल्या नामवंत गायकांचे मानधन;
उपविभागांच्या व विभागाच्या राण्यांचा पोशाख, प्रवास आणि पारितोषिके;
विभागाच्या चित्ररथाची बांधणी;
सुरक्षा, वैद्यकीय मदत, वाहतूक नियंत्रण आणि स्वच्छता.

यांपैकी बऱ्याच बाबी रोख रकमेऐवजी वस्तू वा श्रमरूपाने पुरवल्या जातात. नगरपालिकेचे कर्मचारी रस्ते बंद करतात, वीजजोडण्या देतात आणि कार्यक्रमानंतर कचरा उचलतात. चित्ररथाची बांधणी अनेकदा नगरपालिकेच्या कार्यशाळेतच होते. असा खर्च वेतन, इंधन आणि देखभाल यांसारख्या नेहमीच्या शीर्षांखाली नोंदला जात असल्याने महोत्सवाचा संपूर्ण खर्च एका आकड्यात मांडणे अवघड होते. दोन नगरपालिकांच्या खर्चाची तुलना करतानाही हीच अडचण येते.

कलाकारांचे मानधन

महोत्सवात काम करणाऱ्या नर्तक व नटांना मिळणाऱ्या मानधनास स्थानिक भाषेत 'बोलो' म्हणतात. मुख्य सोहळ्यासाठीच्या मानधनाची रक्कम दरवर्षी प्रांतिक शासन आणि कलाकारांचे प्रतिनिधी यांच्यातील वाटाघाटींतून ठरते. विभागीय महोत्सवांसाठीचे मानधन नगरपालिका ठरवतात. एकच नर्तक उन्हाळ्यात दोन-तीन विभागांच्या प्रयोगांत आणि नंतर मुख्य सोहळ्यात काम करतो असे सर्रास घडते. विभागीय महोत्सव एकाच दिवशी न होता आठवड्यांच्या अंतराने होतात, ही बाब कलाकारांसाठी महत्त्वाची आहे. लोकनृत्याच्या शाळा, शिंपी, रंगमंच कारागीर आणि प्रकाशतंत्रज्ञ यांच्या वार्षिक उत्पन्नातही या हंगामाचा मोठा हिस्सा असतो. त्यामुळे एखाद्या नगरपालिकेने महोत्सव आखडता घेतला की त्याचा परिणाम प्रथम या वर्गावर होतो.

महागाईचा परिणाम

आर्जेन्टिनातील तीव्र चलनवाढीमुळे या अर्थव्यवस्थेत कायमची अनिश्चितता असते. २०२३ या वर्षात देशातील चलनवाढीचा दर २११ टक्क्यांवर गेला. वर्षाच्या अखेरीस मंजूर केलेली तरतूद फेब्रुवारीपर्यंत अपुरी पडू शकते आणि आधी ठरलेल्या मानधनाचे मूल्य प्रयोगाच्या दिवसापर्यंत घटलेले असते. कंत्राटदारास आगाऊ रक्कम द्यावी की तरतूद नंतर वाढवून घ्यावी, हा नगरपालिकांपुढील नेहमीचा प्रश्न आहे.

द्राक्षबागा नसलेल्या विभागांचा सहभाग

साहाय्याचे स्वरूप केवळ द्राक्षव्यवसायाच्या गरजेतून ठरत नाही, हे मालार्ग्वे विभागाच्या उदाहरणावरून दिसते. प्रांताच्या दक्षिण टोकाचा हा विभाग उंच, थंड आणि कोरडा असून तेथे द्राक्षशेती नगण्य आहे. शेळीपालन, खनिज तेल आणि पर्यटन ही तेथील उपजीविकेची प्रमुख साधने आहेत. तेथील राष्ट्रीय बोकड महोत्सव प्रसिद्ध आहे. तरीही मालार्ग्वेची नगरपालिका वेन्दिमियाचा विभागीय महोत्सव भरवते आणि राणी व चित्ररथ राजधानीला पाठवते. राजधानीच्या कापिताल विभागातही शेतजमीन जवळपास उरलेली नाही.

अशा विभागांसाठी महोत्सव हा प्रांतातील आपले स्थान दाखवण्याचा प्रसंग असतो. व्हिया ब्लांकाच्या मिरवणुकीत अठरा रथांपैकी आपला रथ नसणे म्हणजे प्रांताच्या नकाशावर आपला विभाग नसणे, अशी भावना दूरच्या विभागांत आढळते. चित्ररथांवर त्या त्या विभागाची ओळख दाखवली जाते. कोठे बर्फाच्छादित शिखरे, कोठे वाइनची पिंपे, तर कोठे शेळ्यांचे कळप हे त्यांचे विषय असतात.

प्रांतिक शासन व नगरपालिका यांच्यातील कार्यविभागणी

मुख्य सोहळ्याची संहिता व दिग्दर्शन यांची निवड प्रांतिक शासन स्पर्धात्मक पद्धतीने करते. नाट्यगृहाची देखभाल, थेट प्रक्षेपण आणि देशांतर्गत प्रसिद्धी या बाबीही प्रांताकडे आहेत. राणीच्या निवडणुकीचे प्रांतव्यापी नियमही प्रांतच ठरवतो. मात्र नियमांनुसार उमेदवार निवडून पाठवणे हे नगरपालिकांचे काम आहे. अशा रीतीने नियम एकाचे आणि खर्च दुसऱ्याचा अशी स्थिती निर्माण होते.

राजधानीच्या नगरपालिकेवर अतिरिक्त भार पडतो. दोन्ही मिरवणुका तिच्या रस्त्यांवरून निघत असल्याने वाहतूक वळवणे, तात्पुरत्या बैठका उभारणे, प्रथमोपचार आणि स्वच्छता यांत तिच्या यंत्रणेचा मोठा वाटा असतो. हॉटेले, उपाहारगृहे आणि वाहतूक व्यवसाय यांना होणारा लाभही याच शहरात सर्वाधिक असतो.

आर्थिक लाभ आणि त्याचे वाटप

सार्वजनिक निधीच्या समर्थनार्थ सामान्यतः तीन कारणे दिली जातात: पर्यटनातून मिळणारे उत्पन्न, प्रांताच्या वाइनची प्रसिद्धी आणि सांस्कृतिक वारशाचे जतन. २००५ पासून मेन्दोसा जगातील वाइन राजधान्यांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याचा सदस्य आहे. २०१३ मध्ये आर्जेन्टिनाच्या संसदेने कायदा करून वाइनला 'राष्ट्रीय पेय' घोषित केले. यामुळे वाइनशी संबंधित उत्सवांवर शासकीय खर्च करण्यास धोरणात्मक आधार मिळाला.

तथापि हा लाभ सर्व विभागांत समान पोहोचत नाही. लुहान दे कुयो, माइपू आणि उको खोऱ्यातील विभागांत उच्च दर्जाची वाइन बनवणाऱ्या वाइनरी, निवासव्यवस्था आणि उपाहारगृहे विकसित झाली आहेत. पूर्वेकडील विभागांत लहान शेतकऱ्यांची संख्या मोठी असून तेथील द्राक्षे प्रामुख्याने स्वस्त, ठोक वाइन आणि द्राक्षरस यांसाठी विकली जातात. गारपिटीचा धोकाही या भागात मोठा आहे. आर्जेन्टिनात १९७० च्या दशकाच्या आरंभी दरडोई वार्षिक वाइनसेवन सुमारे ९० लिटर होते. ते आता २० लिटरच्या खाली आले आहे. या घसरणीचा सर्वाधिक फटका ठोक वाइनच्या उत्पादकांना बसला. परिणामी ज्या विभागांत महोत्सवाचा विषय असलेली शेती सर्वाधिक अडचणीत आहे, त्यांनाच पर्यटनातून मिळणारा परतावा कमी आहे.

वाद आणि टीका

खर्चाचा प्राधान्यक्रम

विभागीय महोत्सवांवरील खर्चाविरुद्धचा सर्वात जुना आक्षेप प्राधान्यक्रमाचा आहे. रस्ते, पाणीपुरवठा आणि पथदिवे यांची कामे रखडलेली असताना नामवंत गायकास मोठे मानधन देणे योग्य आहे काय, असा प्रश्न विरोधी पक्षांचे सदस्य सभागृहांत उपस्थित करतात. समर्थकांच्या मते महोत्सवाचा बराचसा पैसा स्थानिक कलाकार, कारागीर आणि दुकानदार यांच्यातच फिरतो. शिवाय अनेक रहिवाशांसाठी वर्षभरातील मोठा रंगमंचीय प्रयोग पाहण्याची ही एकमेव संधी असते.

राणीची निवडणूक आणि ग्वायमायेनचा निर्णय

राणीच्या निवडणुकीवर स्त्रीवादी संघटनांनी दीर्घकाळ टीका केली आहे. स्त्रीच्या रूपाची स्पर्धा सार्वजनिक पैशाने भरवणे अयोग्य असून उमेदवार अविवाहित असावी यांसारख्या जुन्या अटी भेदभावपूर्ण होत्या, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आर्जेन्टिनात अन्यत्रही असे प्रश्न उपस्थित झाले होते. ब्वेनोस आइरेस प्रांतातील चिव्हिलकोय नगरपालिकेने २०१४ मध्ये सौंदर्यस्पर्धा बंद केल्या.

२०२१ मध्ये ग्वायमायेनचे नगरप्रमुख मार्सेलिनो इग्लेसियास यांच्या कारकिर्दीत तेथील सभागृहाने विभागीय राणीची निवडणूक रद्द केली. या निर्णयाने महोत्सवाच्या रचनेतील मूलभूत संदिग्धता उघड झाली. एका बाजूस, ज्या संस्थेचा पैसा खर्च होतो तिला तो कशावर खर्च करावा हे ठरवण्याचा अधिकार आहे, असे मत मांडले गेले. दुसऱ्या बाजूस माजी राण्या आणि काही रहिवाशांनी आक्षेप घेतला की राणी ही नगरपालिकेची कर्मचारी नसून विभागातील जनतेची प्रतिनिधी आहे. म्हणून १९३६ पासून चालत आलेला प्रतिनिधित्वाचा हक्क एका सभागृहाच्या ठरावाने संपुष्टात आणता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

राणीपदाच्या समर्थकांनी असेही निदर्शनास आणले की निवडून आलेल्या तरुणींना वर्षभर विभागाच्या वतीने शाळा, रुग्णालये व सामाजिक संस्थांच्या कार्यक्रमांत सहभागी व्हावे लागते आणि त्यांपैकी अनेक कष्टकरी कुटुंबांतून आलेल्या असतात. विरोधकांचे उत्तर असे होते की सामाजिक कार्यासाठी प्रतिनिधी निवडायचा असल्यास तो केवळ तरुण स्त्रियांतून निवडण्याचे कारण नाही. हा वाद कोणत्याही एका पक्षापुरता मर्यादित राहिला नाही.

पाण्याचा प्रश्न

डिसेंबर २०१९ मध्ये मेन्दोसाच्या विधिमंडळाने खाणकामात विषारी रसायनांच्या वापरावर बंदी घालणाऱ्या २००७ सालच्या कायद्यात बदल करून ती बंदी शिथिल केली. पाणी दूषित होण्याच्या भीतीने प्रांतभर मोठी आंदोलने झाली. वेन्दिमियाच्या राण्यांनीही आंदोलकांची बाजू घेतली. पाण्याशिवाय तोडणी नाही, ही भूमिका त्यामागे होती. तीव्र विरोधामुळे डिसेंबर अखेरीसच हा बदल रद्द करून मूळ कायदा पुन्हा लागू करण्यात आला. नगरपालिकांच्या खर्चाने निवडल्या गेलेल्या राण्या शासनाच्या धोरणाविरुद्ध उभ्या राहू शकतात, हे या घटनेने दाखवून दिले. कार्रुसेलच्या मिरवणुकीतही निरनिराळे नागरी गट घोषणाफलक घेऊन आपल्या मागण्या मांडत आले आहेत. राज्यपाल व नगरप्रमुख या मिरवणुकीत लोकांसमोर येत असल्याने तिला जनमताचे मापक मानले जाते.

तोडणी मजुरांचे स्थान

महोत्सवाच्या नृत्यनाट्यांत तोडणी मजूर हे मध्यवर्ती पात्र असते. प्रत्यक्षात मजुरांना तुकड्यावर मजुरी मिळते. सुमारे २० किलोग्रॅम द्राक्षांनी भरलेला डबा खांद्यावरून धावत नेऊन मालमोटारीत रिता केल्यावर प्रत्येक डब्यामागे एक बिल्ला दिला जातो आणि आठवड्याअखेर बिल्ले मोजून पैसे मिळतात. बरेच मजूर देशाच्या उत्तरेकडील प्रांतांतून किंवा बोलिव्हियातून हंगामापुरते येतात. मार्चच्या आरंभी तोडणी ऐन भरात असल्याने ज्यांच्या श्रमांचा हा गौरव आहे त्यांतील अनेकांना तो पाहण्यास सवड नसते. मजुरीचे दर आणि महोत्सवाचा खर्च यांची तुलना कामगार संघटना व टीकाकार वेळोवेळी करतात.

महामारीचा काळ

मार्च २०२० चा मुख्य सोहळा देशव्यापी टाळेबंदीच्या अवघे काही दिवस आधी पार पडला. २०२१ मध्ये नाट्यगृहातील प्रयोगाऐवजी प्रांतातील विविध ठिकाणी चित्रित केलेला दृकश्राव्य कार्यक्रम सादर करण्यात आला. नेहमीचे प्रयोग बंद राहिल्यामुळे कलाकार व तंत्रज्ञ यांच्या हंगामी उत्पन्नाचा प्रश्न बिकट झाला आणि महोत्सवाचा निधी हा अनेकांसाठी उपजीविकेचा आधार असल्याचे स्पष्ट झाले. २०२२ मध्ये महोत्सव पुन्हा नाट्यगृहात भरला.

महत्त्व

वाइन उत्पादक प्रदेशांतील अनेक उत्सव व्यापारी संघटना किंवा खासगी वाइनरी भरवतात. मेन्दोसातील महोत्सवाचे वेगळेपण त्याच्या सार्वजनिक मालकीत आहे. संकटकाळात शासनाने सुरू केलेला हा उत्सव अठरा नगरपालिकांच्या वार्षिक अर्थसंकल्पांत विभागला गेल्यामुळे राजकीय सत्तांतरे, आर्थिक अरिष्टे आणि महामारी यांतून टिकून राहिला. त्याच विभागणीमुळे प्रत्येक नगरपालिकेस त्याच्या स्वरूपावर प्रभाव टाकण्याची आणि प्रसंगी त्यातील एखादी प्रथा नाकारण्याची संधी मिळाली. राणीपद, मजुरांचे स्थान आणि खर्चाची मर्यादा यांविषयीचे वाद विभागीय सभागृहांत अजूनही उपस्थित होतात.

हे सुद्धा पहा

आर्जेन्टिना
मेन्दोसा प्रांत
माल्बेक
आन्देस पर्वतरांग